कोकणातल्या घरासाठी टीव्हीची डिश: निवड, जागा आणि जोडणी

गावी नवे घर बांधून झाले, वीज आली, टीव्हीही आला, की पुढचा प्रश्न हमखास उभा राहतो तो छपरावर काय बसवायचे हा. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर अजूनही काही जुन्या घरांच्या कौलांवर ॲल्युमिनियमच्या आडव्या नळ्यांची अँटेना दिसते, आणि ती पाहून नव्याने राहायला आलेल्या माणसाला वाटते की तशीच एक उंच काठी उभारली म्हणजे दूरदर्शन दिसू लागेल. तसे आता होत नाही. त्या नळ्या जमिनीवरच्या मनोऱ्यावरून येणारे प्रक्षेपण पकडण्यासाठी होत्या. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, पुढे ठिकठिकाणी लहान-मोठी प्रक्षेपण केंद्रे उभी राहिली, आणि मधला डोंगर ओलांडून ते चित्र घरात यावे म्हणून लोक बांबूला बांबू जोडून अँटेना उंच नेत असत. वारा सुटला की एकाने कौलांवर चढायचे, दुसऱ्याने खळ्यात उभे राहायचे, आणि तिसऱ्याने टीव्हीसमोर बसून पडद्यावरच्या मुंग्या कमी झाल्या का ते ओरडून सांगायचे. ही जुन्या पद्धतीची प्रक्षेपण केंद्रे प्रसार भारतीने टप्प्याटप्प्याने बंद केली, आणि मार्च २०२२ पर्यंत देशभरातली मोक्याच्या ठिकाणची थोडी सोडून बाकीची थांबवण्याचे ठरले.

ते प्रक्षेपण थांबले, पण उंचीची सवय मात्र गेली नाही. आजही डिश बसवायची म्हटले की माणूस आपसूक घराचा सर्वांत उंच कोपरा शोधतो आणि बहुधा समुद्राच्या बाजूची गच्ची निवडतो. कोकण किनाऱ्यावर डिशच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या निवडीत असते, असे माझे अनेक पावसाळ्यांच्या अनुभवानंतरचे मत आहे. उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतो. डिश दहा फूट वर नेल्याने त्याच्या जवळ गेल्यासारखे काहीच होत नाही. डिशला हवे असते ते एका ठरावीक दिशेचे मोकळे आकाश, आणि आपल्याकडे समुद्र पश्चिमेला तर ही दिशा आग्नेयेला आहे. म्हणजे खारा वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला डिशने तोंड दाखवण्याची गरजच नाही. घराच्या पूर्वेला किंवा दक्षिणेला, घराच्या आडोशाला, हात पोहोचेल इतक्या उंचीवर ती बसवता येते. हे एकदा ध्यानात आले की पुढच्या सगळ्या निवडी सोप्या होतात.

प्रथम कोणते प्रक्षेपण हवे ते ठरवावे. दरमहा पैसे भरायचे नसतील तर प्रसार भारतीची डीडी फ्री डिश ही सेवा आहे. ती डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. डिश आणि सेट-टॉप बॉक्स एकदा विकत घेतला की पुढे शुल्क नसते, आणि डीडी सह्याद्रीसह दूरदर्शनच्या वाहिन्या व काही खाजगी वाहिन्या त्यावर मिळतात. जे घर वर्षातून गणपती, शिमगा आणि मे महिना एवढेच उघडते, त्या घराला ही सेवा सर्वांत सोयीची, कारण बंद घराचे भाडे भरत राहावे लागत नाही. मात्र बॉक्स घेताना तो एमपीईजी-४ प्रकारचे प्रक्षेपण दाखवणारा आहे ना, हे दुकानात विचारून घ्यावे. जुन्या एमपीईजी-२ बॉक्सवर सगळ्या वाहिन्या येत नाहीत.

फ्री डिशच्या वाहिन्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. इस्रोचा हा उपग्रह नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्रेंच गयानातील कुरू येथून एरियान-५ रॉकेटने सोडला गेला आणि तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर स्थिर आहे. पैसे देऊन घ्यायच्या सेवांचे उपग्रह वेगळ्या जागी असतात, उदाहरणार्थ टाटा प्लेचे ८३ अंशांवर आणि एअरटेलचा १०८.२ अंशांवर. त्यामुळे शेजाऱ्याची डिश जिकडे वळलेली आहे तिकडेच आपली वळवणे ही चूक नवखा माणूस हटकून करतो, ती करू नये. यापुढचे सगळे आकडे जीसॅट-१५ साठी आहेत.

आता जागा. उत्तरेपासून उजवीकडे मोजत गेल्यास हा उपग्रह अलिबागहून १३० अंशांवर, रत्नागिरीहून साधारण १२८ अंशांवर आणि वेंगुर्ल्याहून १२७ अंशांवर दिसतो. म्हणजे सगळ्या किनाऱ्यावर जवळजवळ एकच दिशा, नेमक्या आग्नेयेच्या किंचित पूर्वेला. क्षितिजापासून त्याची उंची अलिबागला ५८, रत्नागिरीला ५९ आणि वेंगुर्ल्याला साधारण ६० अंश आहे. होकायंत्र मोबाइलमधले चालेल, कारण आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाहूनही कमी फरक आहे. मात्र पत्र्याच्या शेडखाली किंवा लोखंडी खांबाला टेकून मोजमाप घेऊ नये, सुई भलतीकडे वळते.

साठ अंश ही चांगलीच उंची आहे आणि ती आपल्या फायद्याची आहे. सह्याद्री कितीही उंच वाटला तरी किनाऱ्यावरून तो आड येत नाही. आड येतो तो माड. हिशेब असा करावा: आग्नेय दिशेला असलेली वस्तू डिशपेक्षा जितकी उंच असेल, त्याच्या तीन-पंचमांश अंतर मध्ये असले पाहिजे. डिशच्या वर १५ मीटर गेलेला माड असेल तर तो किमान ९ मीटर दूर हवा, आणि माडाची झावळ चार-पाच मीटर लांब असते, म्हणून प्रत्यक्षात १४ मीटर धरावे. झावळ वाऱ्याने डिशसमोर येते आणि जाते, त्यामुळे चित्र पूर्ण जात नाही, मधूनमधून गोठते. हा दोष शोधणे सर्वांत कठीण, कारण वारा पडलेला असताना तपासायला गेले की सगळे ठीक असते. आगराच्या मधोमध घर असेल तर आकाशाचा तेवढा तुकडा मिळवण्यासाठी डिश घरापासून लांब नेण्याची तयारी ठेवावी. माड मात्र तोडू नये. पाडेली नारळ उतरवायला येईल तेव्हा त्या बाजूच्या वाळत आलेल्या दोन झावळ्या काढून घेतल्या तरी बऱ्याचदा काम होते.

माझ्या घरी पहिली डिश आम्ही एप्रिलमध्ये बसवली. आग्नेयेला कुंपणालगत सागाची चार झाडे होती. साग त्या दिवसांत निष्पर्ण असतो, फांद्यांतून स्वच्छ आकाश दिसत होते आणि चित्रही उत्तम आले. जूनच्या पावसाबरोबर सुपाएवढी पाने फुटली आणि पंधरा दिवसांत एकेक वाहिनी जाऊ लागली. आम्ही बॉक्स बदलला, एलएनबी, म्हणजे डिशच्या हातावर बसणारे छोटे यंत्र, तोही बदलला, केबल बदलली, आणि शेवटी लक्षात आले की दोष यांपैकी कशातच नव्हता. म्हणून उन्हाळ्यात जागा पाहताना झाडाचा पावसाळ्यातला पसारा डोळ्यांसमोर आणावा, आणि आंब्या-फणसाचे कोवळे कलम त्या दिशेला असेल तर ते पाच वर्षांनी केवढे होईल याचाही अंदाज घ्यावा.

जागा तपासण्याची एक अतिशय खात्रीची रीत आहे, आणि तिला कोणतेही यंत्र लागत नाही. मार्चच्या १२ ते १४ तारखांना सकाळी सव्वाअकराच्या सुमारास, आणि पुन्हा ३० सप्टेंबरच्या आसपास अकराला पाच-सात मिनिटे कमी असताना, सूर्य आपल्याकडून पाहता बरोबर या उपग्रहाच्या मागे येतो. त्या वेळी ज्या जागेवर लख्ख ऊन पडते तिथून उपग्रह दिसतो, आणि जिथे सावली असते तिथून दिसत नाही. खळ्यात, परसात, गच्चीवर फिरून उन्हाच्या जागा खडूने आखून ठेवाव्या. बहुतेक वर्षी शिमग्याला चाकरमानी गावी येतात ते याच दिवसांच्या मागेपुढे, त्यामुळे ही पाहणी करायला घरात माणसेही असतात. याच दिवसांत बसवलेल्या डिशवरचे चित्र काही मिनिटे बिघडते. सूर्याच्या स्वतःच्या लहरी उपग्रहाच्या लहरींवर मात करतात म्हणून तसे होते. ते आपोआप पूर्ववत होते, कोणी डिश हलवू नये.

डिशचा आकार हा विषय दुकानात सर्वाधिक चर्चिला जातो. ६० ते ६५ सेंटिमीटर व्यासाची डिश स्वच्छ हवेत पुरेशी आहे. रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि या प्रक्षेपणाच्या लहरींची लांबी अवघी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असल्याने जोराची सर त्यांना शोषते आणि विखुरते. ९० सेंटिमीटरची डिश ६० च्या तुलनेत सव्वादोनपट लहरी गोळा करते, म्हणून ती पावसात जास्त वेळ तग धरते हे खरे आहे. परंतु तिच्यावर वाऱ्याचा जोरही सव्वादोनपट येतो, आणि तिची नेम धरण्याची जागा अधिक अरुंद असल्याने ती किंचित सरकली तरी चित्र जाते. मोठ्या सरीने गेलेले चित्र दहा-पंधरा मिनिटांत परत येते, पण वाऱ्याने सरकलेली डिश भर आषाढात कोणीतरी शेवाळलेल्या गच्चीवर चढेपर्यंत तशीच राहते. म्हणून उघड्या किनाऱ्यावर मी ६५ सेंटिमीटरचीच शिफारस करतो, घराचा भक्कम आडोसा असेल तर ७५, आणि ९० केवळ स्लॅबवर चार बोल्टांनी पक्की बसवता येत असेल तरच. जून २०२० मधले निसर्ग आणि मे २०२१ मधले तौक्ते ही वादळे ज्यांनी किनाऱ्यावर राहून पाहिली आहेत त्यांना हे वेगळे पटवून द्यावे लागणार नाही.

आकाराहून जास्त लक्ष धातूकडे द्यावे. साध्या लोखंडावर रंग मारलेली डिश समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत दोन-तीन पावसाळ्यांत काठाने पापुद्रे सोडू लागते. ॲल्युमिनियमची किंवा जस्ताचा जाड मुलामा दिलेल्या, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची डिश घ्यावी. बोल्ट आणि नट डिशबरोबर येतात तेच वापरण्याचा मोह टाळून स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत, त्यातही ३१६ दर्जाचे मिळाले तर उत्तम, कारण तो दर्जा खाऱ्या हवेला ३०४ पेक्षा चांगला तोंड देतो. ॲल्युमिनियम आणि स्टील एकमेकांना थेट टेकले की खाऱ्या ओलीत ॲल्युमिनियम झिजते, म्हणून मध्ये नायलॉनचा वॉशर घालावा आणि आट्यांना ग्रीस लावावे. हे दोन-चार रुपयांचे वॉशर पुढे फार उपयोगी पडतात. गंजून एकजीव झालेला नट डिश वळवायच्या वेळी फिरतच नाही, आणि जोर केला की पट्टीच वाकते.

खांबासाठी दोन इंची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप वापरावा. चिऱ्याच्या भिंतीत रावळप्लग ठोकून डिश टांगण्याची पद्धत आहे, पण जांभा दगड सच्छिद्र आणि ठिसूळ असल्याने वाऱ्याच्या सततच्या हेलकाव्याने ते भोक मोठे होत जाते. भिंतच वापरायची असेल तर आरपार बोल्ट घालून आतून पट्टी लावावी. त्यापेक्षा खळ्याच्या कडेला दीड-दोन फूट खोल खड्डा घेऊन पाइप काँक्रीटमध्ये रोवणे मला अधिक पसंत आहे. जमिनीच्या वर पाच-सहा फूट पुरेसे होतात. कौलारू घराच्या वळचणीपासून मात्र दूर राहावे, नाहीतर आग्नेयेचे आकाश छपरानेच झाकले जाते आणि पागोळ्यांचे पाणी डिशवर पडते ते वेगळेच. पाइप ओळंब्याने अगदी सरळ उभा करावा, कारण तो कलला तर डिशवरच्या अंशांच्या खुणा खोट्या ठरतात. पाइपाच्या तोंडाला टोपण बसवावे, आत पाणी साचून तो आतून गंजतो.

आता एलएनबी. फ्री डिशसाठी युनिव्हर्सल प्रकारचा मागावा. घरात दोन टीव्ही आणि दोन बॉक्स असतील तर दोन तोंडांचा एलएनबी घेऊन दोन स्वतंत्र केबल टाकाव्यात. केबल आरजी-६ प्रकारची, काळ्या आवरणाची आणि शक्य तर भरीव तांब्याच्या तारेची असावी, आणि ती मध्ये न जोडता एकसलग टाकावी. तीस मीटरपर्यंत अंतर असेल तर चिंता नसते, त्यामुळे खळ्यातल्या खांबापासून माजघरापर्यंत केबल नेण्यात अडचण येत नाही. या केबलमधून बॉक्स एलएनबीला १३ ते १८ व्होल्ट वीज पुरवत असतो, म्हणून कनेक्टर लावताना किंवा काढताना बॉक्सचे बटण भिंतीवरून बंद करावे. केबलची बाहेरची जाळी आणि मधली तार यांचा स्पर्श झाला तर बॉक्स निकामी होऊ शकतो.

दिशा लावायला दोन माणसे आणि मोकळा तास हवा. डिशच्या मागच्या पट्टीवर अंशांच्या खुणा असतात, तिथे आपल्या गावाहून उपग्रहाची जी उंची वर दिली आहे तो आकडा लावून बोल्ट अर्धवट आवळावेत. डिशचे तोंड उभ्या रेषेपासून साधारण ३५ अंशच मागे कललेले दिसेल. ती आकाशाकडे पुरेशी वळलेली नाही असे वाटून तिला आणखी कलवू नये, कारण या डिश लहरी तिरप्या झेलतील अशाच घडवलेल्या असतात. मग एलएनबी वळवावा. आपल्याकडून हा उपग्रह बराच पूर्वेला कललेला असल्याने एलएनबी सरळ ठेवून चालत नाही. डिशच्या मागे उभे राहून आग्नेयेकडे पाहिले असता तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने साधारण ४५ ते ५० अंश फिरवलेला असावा लागतो. बसवणारे घाईत हा टप्पा गाळतात, आणि मग थोड्याशा पावसानेही चित्र जाते.

बॉक्सच्या मेनूत जीसॅट-१५ किंवा डीडी फ्री डिश निवडून सिग्नलचा पडदा उघडावा. त्यावर दोन पट्ट्या असतात. स्ट्रेंथची पट्टी केबल आणि एलएनबी जोडलेले आहेत एवढेच सांगते, डिश भिंतीकडे वळलेली असली तरी ती भरलेली दिसते. पाहायची ती क्वालिटीची पट्टी. आता डिश पूर्वेकडून दक्षिणेकडे अगदी हळू फिरवावी. ६० सेंटिमीटरच्या डिशचा काठ एक सेंटिमीटर सरकला की दिशा जवळजवळ दोन अंशांनी बदलते, आणि नेम चुकायला दोन अंश पुरतात. म्हणून अगदी किंचित सरकवायचे, दोन-तीन सेकंद थांबायचे, आतल्या माणसाचा आवाज ऐकायचा आणि मगच पुन्हा सरकवायचे. बॉक्सला सिग्नल ओळखायला तेवढा वेळ लागतो, आणि जो थांबत नाही तो उपग्रहावरून तीनदा पुढे जातो. क्वालिटी आली पण शोध घेतल्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या मिळाल्या नाहीत, तर बहुधा शेजारचा ९५ अंशांवरचा उपग्रह सापडलेला असतो. डिश किंचित दक्षिणेकडे घ्यावी. पट्टी सर्वांत वर गेल्यावर उंची थोडी वर-खाली करून पाहावी, मग एलएनबी थोडा फिरवून पाहावा, आणि बोल्ट एकेक करून समोरासमोरचे आवळावेत, कारण एकच बोल्ट पूर्ण आवळला तर डिश त्या बाजूला ओढली जाते.

शेवटचे काम पाणी अडवण्याचे. दोन वर्षे नीट चाललेली एक जोडणी मी उघडली तेव्हा कनेक्टरच्या आत पांढरी भुकटी साचली होती, जाळी हाताने मोडत होती आणि मधली तांब्याची तार कळकून हिरवी पडली होती. बाहेरून केबल नव्यासारखी दिसत होती. पाणी आणि खार एलएनबीच्या तोंडातून शिरून केबलच्या आतून खाली उतरले होते. म्हणून कनेक्टरवर रबरी टोपी बसवून त्यावर आपोआप एकजीव होणारी रबरी टेप खालून वर गुंडाळावी, म्हणजे पदर कौलांसारखे एकमेकांवर येतात आणि पाणी ओघळून जाते. साधी विजेची टेप उन्हात सुटते. घरात शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्यावा, त्या झोळावरून पाणी ठिबकते आणि भिंतीत शिरत नाही.

पावसाळ्यापूर्वी घर शाकारण्याच्या सुमारास डिश गोड्या पाण्याने धुवावी, बोल्टांना ग्रीसचा हात फिरवावा आणि एलएनबीच्या टोपणाला तडा गेला आहे का ते पाहावे. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडू लागल्या की, वीज जवळ येण्याआधीच, बॉक्सचा प्लग आणि केबल दोन्ही काढून ठेवावीत. घर बंद करून मुंबईला जाताना तर हे न विसरता करावे. आणि बोल्ट आवळून झाले की त्याच दिवशी खांब आणि डिशची पट्टी यांच्या सांध्यावरून तैलरंगाची एक उभी रेघ ओढून ठेवावी, तशीच दुसरी उंचीच्या खुणेवर. वादळानंतर चित्र गेले तर आधी या रेघा पाहाव्या. त्या तुटलेल्या दिसल्या तर डिश सरकली आहे असे समजावे आणि रेघेला रेघ जुळेपर्यंत ती हाताने परत आणावी. रेघा जुळलेल्या असतील तर डिशला हात न लावता कनेक्टर उघडून पाहावा.